खासदाराच्या गाडीवर झेंडा नसतो

प्रश्न एका आमदारांच्या कार्यालयात काम करणाऱ्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या साहेबांना परदेशातल्या एका संस्थेने परिषदेला बोलावलंय. तिथे ते भारताची बाजू मांडू शकतात का? २०२५ मध्ये विरोधी पक्षांचे खासदार देशाच्या वतीने जगभर गेले, मग आमदाराने का बोलू नये? आणि उलट, परदेशात जाऊन सरकारवर टीका केली तर तो गुन्हा होतो का? देशाच्या वतीने बोलायचा हक्क नक्की कुणाचा?"

माझी नोकरी परराष्ट्र सेवेत झाली. खासदारांच्या शिष्टमंडळांना विमानतळावर घ्यायला जाण्यापासून त्यांच्या बैठकांत टेबलाच्या टोकाला बसून टिपणं घेण्यापर्यंत सगळं केलंय. हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी विचारत आलंय. तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

सुरुवात गाडीपासून करतो, कारण शिष्टमंडळ उतरलं की पहिली कुरबुर बहुतेक वेळा गाडीवरूनच होते. एक ज्येष्ठ खासदार बाहेर येऊन दूतावासाच्या गाडीकडे बघत मला म्हणाले होते, "अहो, झेंडा कुठाय?" मी म्हटलं, साहेब, राजदूत बसले असते तर लावला असता. त्यांना ते आवडलं नाही. पण भारताच्या ध्वजसंहितेत मोटारीवर राष्ट्रध्वज कुणी लावायचा याची यादी आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री, लोकसभेचे अध्यक्ष, न्यायमूर्ती त्यात आहेत. आणि ज्या देशात नेमणूक झालीय त्या देशात आपला राजदूत आहे. खासदार त्या यादीत नाही. त्याच्या खिशात राजनैतिक पासपोर्ट असतो, दूतावास त्याची सगळी सोय बघतो, यजमान त्याला मानाने वागवतात. पण झेंडा त्याच्या गाडीवर चढत नाही. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या रिकाम्या दांडीत आहे.

आता कायदा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीतल्या १० ते १४ या नोंदी बघा: परराष्ट्र व्यवहार, राजनैतिक आणि व्यापारी प्रतिनिधित्व, संयुक्त राष्ट्रं, आंतरराष्ट्रीय परिषदांत सहभाग, आणि तह-करार. हे सगळं केंद्राचं. कलम ७३ प्रमाणे ज्या विषयांवर संसद कायदा करू शकते त्या विषयांवर केंद्राची कार्यकारी सत्ता चालते, आणि तहांनुसार मिळालेले अधिकारही तीच वापरते. कलम ५३ ती सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवतं. म्हणून राजदूताचं अधिकारपत्र राष्ट्रपतींच्या सहीचं असतं, आणि ते यजमान राष्ट्रप्रमुखाच्या हातात दिल्याशिवाय तो पूर्ण अर्थाने राजदूत होत नाही. संसद कुठे येते? ती पैसे मंजूर करते, प्रश्न विचारते, ठराव करते, करार अंमलात आणायला कायदा लागला तर कलम २५३ खाली तो करते. सरकार आवडलं नाही तर पाडते. पण दुसऱ्या देशाशी बोलणी करणं, शब्द देणं, सही करणं हे काम संसदेचं नाही, आणि एकट्यादुकट्या सदस्याचं तर नाहीच.

असं का, हे समजायला ग्रीनलँडची गोष्ट सांगतो. आमच्या पेशात ती सगळ्यांना माहीत असते. १९१९ च्या जुलैत डेन्मार्कच्या राजनैतिक प्रतिनिधीने नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इहलेन यांना विचारलं की साऱ्या ग्रीनलँडवरचं डेन्मार्कचं सार्वभौमत्व मान्य व्हावं असा आमचा प्रयत्न आहे, तुम्ही आडवे येणार का? इहलेन यांनी काही दिवसांनी तोंडी सांगितलं की आमचं सरकार यात अडचण आणणार नाही. एवढंच. कागद नाही, सही नाही. पुढे १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलँडच्या एका भागावर ताबा जाहीर केला आणि प्रकरण हेगच्या तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९३३ मध्ये निकाल डेन्मार्कच्या बाजूने लागला, आणि परराष्ट्रमंत्र्याने आपल्या खात्याच्या विषयावर परदेशी प्रतिनिधीला दिलेलं ते तोंडी उत्तर नॉर्वेवर बंधनकारक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री, या तिघांचा शब्द म्हणजे देशाचा शब्द, ही रीत आज जगभर मानली जाते. खासदाराच्या शंभर भाषणांनी देश बांधला जात नाही. आणि तसंच असलं पाहिजे, नाहीतर सातशे-आठशे परराष्ट्रमंत्री घेऊन कुठलाही देश चालणार नाही.

पण खासदाराचा शब्द बांधत नसला तरी ऐकला जातो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. एका राजधानीत आमचं शिष्टमंडळ तिथल्या संसदेच्या परराष्ट्र समितीबरोबर जेवत होतं. जेवण उत्तम झालेलं, गप्पा रंगलेल्या. कॉफी आली तेव्हा यजमान समितीप्रमुखाने सहज म्हणाल्यासारखं विचारलं की संयुक्त राष्ट्रांच्या अमुक मंडळावर आमचा उमेदवार उभा आहे, भारताचा पाठिंबा धरायचा ना? आमच्या नेत्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "धरा की!" मी टेबलाच्या टोकाला टिपणं घेत होतो. पेन तिथेच थांबलं. कारण त्या जागेसाठी आणखी एका देशाने दिल्लीकडे पाठिंबा मागितलेला होता, आणि त्याच्या बदल्यात आपल्याला दुसऱ्या एका निवडणुकीत त्यांचं मत हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिथल्या परराष्ट्र खात्यातून फोन: काल तुमच्या शिष्टमंडळाच्या नेत्यांनी दिलेल्या आश्वासनाबद्दल आभार, लेखी कधी मिळेल?

खासदारांना खोटं पाडायचं नव्हतं. यजमानांना दुखवायचं नव्हतं. आणि दिल्लीचे हात बांधायचे नव्हते. दोन दिवस गेले त्यात. शेवटी "त्यांनी आपल्या देशाबद्दलची मनापासूनची आपुलकी व्यक्त केली, उमेदवारीचा विचार दिल्लीत चालू आहे" अशा वाक्यावर प्रकरण मिटलं. ते खासदार वाईट नव्हते. मतदारसंघात जशी कामं होतात तसं त्यांनी केलं, समोरच्याने मागितलं आणि यांनी हो म्हटलं. आपल्याकडे लोकप्रतिनिधीचा अर्धा दिवस "करून टाकतो" म्हणण्यात जातो. परदेशात तेच दोन शब्द सगळ्यात महाग पडतात.

म्हणून आम्ही शिष्टमंडळासाठी जी फाइल बनवतो तिचे तीन भाग असतात. काय सांगायचं, विचारलं तरच काय सांगायचं, आणि काय अजिबात बोलायचं नाही. पहिला भाग सगळे वाचतात. तिसरा हुशार लोक वाचतात. सगळ्यात मोलाचा असतो तो मधला, आणि विमानात तोच न उघडलेला राहतो.

मग खासदारांना पाठवायचंच कशाला? राजदूत आहे, परराष्ट्रमंत्री आहे, त्यांनी बोलावं. हा प्रश्न मला सेवेतल्या तरुण अधिकाऱ्यांनीही विचारलाय. उत्तरादाखल मी त्यांना नेहमी १९९४ चं जिनिव्हा सांगतो.

त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे पाकिस्तानने काश्मीरवरून भारताविरुद्ध ठरावाचा मसुदा आणला. काळ कठीण होता. सोव्हिएत संघ मोडून दोन-तीन वर्षं झालेली, काश्मीर पेटलेलं, तिजोरी नुकतीच संकटातून बाहेर आलेली, आणि पश्चिमेत आपल्याबद्दल फारशी सहानुभूती नाही. पंतप्रधान नरसिंह राव. रामटेकचे एके काळचे खासदार, उत्तम मराठी बोलणारे. त्यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व दिलं लोकसभेतल्या विरोधी पक्षनेत्याकडे, अटलबिहारी वाजपेयींकडे. सोबत परराष्ट्र राज्यमंत्री सलमान खुर्शीद आणि काश्मीरचे फारूख अब्दुल्ला. आजारी असलेले परराष्ट्रमंत्री दिनेश सिंह तेहरानला जाऊन आले. ९ मार्च १९९४ रोजी पाकिस्तानने ठराव मागे घेतला. इराण आणि चीनने त्यात वजन टाकलं, आणि पडद्यामागे आपल्या राजदूतांनी देशोदेशी रात्रीचे दिवस केले. एकट्या शिष्टमंडळाने ते घडवलं असं मी म्हणणार नाही.

पण वाजपेयींच्या तिथे असण्याने काय फरक पडला, ते नीट बघा. कुठलाही राजदूत "भारतात लोकशाही आहे" असं म्हणतो तेव्हा समोरचा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, पगार घेतो, म्हणणारच. विरोधी पक्षनेता, जो घरी याच सरकारला रोज धारेवर धरतो, तो त्याच खोलीत येऊन बसला की तेच वाक्य उच्चारायची गरजच राहत नाही. त्याचं सगळं वजन तो सरकारचा माणूस नाही यातून येतं. म्हणून खासदाराला परदेशात दुय्यम दर्जाचा राजदूत बनवलं की त्याची किंमत शून्य होते. ते काम दूतावासातला तिसरा सचिवही करतो, आणि फाइल वाचून करतो.

आणि जिनिव्हाची दुसरी बाजू लोक विसरतात. ठराव मागे घेतला गेला ९ मार्चला. त्याआधी पंधरा दिवस, २२ फेब्रुवारीला, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी काश्मीरवर एकमताने ठराव केलेला होता: जम्मू-काश्मीर भारताचा अविभाज्य भाग आहे आणि पाकिस्तानने बळकावलेले प्रदेश त्याने सोडावेत. म्हणजे आधी घरात एकमत, जाहीर, नोंदवलेलं, आणि मग बाहेर. वाजपेयी जिनिव्हात रावांचा निरोप घेऊन गेले नव्हते. ज्या भूमिकेवर त्यांच्या पक्षाने सभागृहात स्वतः होकार दिला होता, ती घेऊन गेले होते.

आता २०२५. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं तीसहून अधिक राजधान्यांत गेली. सातांपैकी दोन महाराष्ट्रातल्या खासदारांकडे होती: बारामतीच्या सुप्रिया सुळे कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि इजिप्तला, तर कल्याणचे श्रीकांत शिंदे संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला. बाकीची शशी थरूर, कनिमोळी, रविशंकर प्रसाद, बैजयंत पांडा आणि संजय झा यांच्याकडे. प्रत्येकाबरोबर एक निवृत्त राजदूत. सुळे यांच्यासोबत सय्यद अकबरुद्दीन होते, शिंदे यांच्यासोबत सुजन चिनॉय. आमच्या सेवेतला माणूस म्हणून सांगतो, ही सर्वांत चांगली गोष्ट झाली. त्या मधल्या भागाची पानं कुणीतरी वाचलेली होती.

काम झालं का? माझ्या मते बरंच झालं. थरूर यांचं बोगोटाचं उदाहरण घ्या. भारताच्या हल्ल्यानंतर कोलंबियाने पाकिस्तानातल्या मृतांबद्दल शोक व्यक्त करणारं निवेदन काढलं होतं. थरूर यांनी तिथे जाऊन जाहीरपणे निराशा बोलून दाखवली, आणि कोलंबियाने ते निवेदन मागे घेतलं. राजदूताला जाहीरपणे असं बोलता येत नाही. त्याला खात्यात जाऊन हळू आवाजात बोलावं लागतं. सुळे यांच्या गटात भाजपचे अनुराग ठाकूर आणि राजीव प्रताप रूडी, काँग्रेसचे आनंद शर्मा आणि मनीष तिवारी एका बाजूला बसले होते. दिल्लीत हीच माणसं एकमेकांचं बोलणं संपू देत नाहीत. समोरच्या देशाचा अधिकारी हे बघतो. तो त्याच्या राजधानीला पाठवायच्या तारेत आपल्या भाषणाचा एक परिच्छेद लिहितो आणि कोण कोणाशेजारी बसलं होतं यावर दोन लिहितो. आम्हीही तेच करायचो.

माझ्या मनाला विशेष लागलेली एक गोष्ट: १९९४ साली सरकारचे राज्यमंत्री म्हणून वाजपेयींबरोबर गेलेले सलमान खुर्शीद २०२५ मध्ये विरोधी पक्षाचे नेते म्हणून संजय झा यांच्या गटात होते. एकतीस वर्षांनी तोच माणूस टेबलाच्या त्याच बाजूला, फक्त खुर्ची बदललेली. परंपरा म्हणतात ती अशा माणसांच्या अंगातून पुढे जाते.

पण दोन गोष्टी चुकल्या, आणि त्या सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. पहिली निवडीची. काँग्रेसने चार नावं दिली, सरकारने त्यातलं एकच घेतलं, आणि नेतृत्व दिलं ते यादीत नसलेल्या थरूर यांना. तृणमूलचे युसूफ पठाण यांचं नाव पक्षाला न विचारता आलं. पक्षाने ते काढून अभिषेक बॅनर्जींना पाठवलं. थरूर यांच्या योग्यतेबद्दल मला शंका नाही, ते संयुक्त राष्ट्रांत आयुष्य घालवलेले आहेत. पण विरोधी पक्षाचा प्रतिनिधी सरकारने निवडला की तो परदेशात विरोधी पक्षाच्या वतीने बोलतोय हे सांगता येत नाही. आणि त्याचं सगळं वजन तर त्यातच होतं. आपल्याकडे संजय राऊत यांनी या दौऱ्यांवर टीका केली आणि शरद पवारांनी अशा वेळी स्थानिक राजकारण आणू नये असं म्हटलं. मी पवारांच्या बाजूचा आहे, पण ही शिस्त नावं ठरवताना सरकारनेही पाळायला हवी होती.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते. संसदेचं विशेष अधिवेशन बोलवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. सर्वपक्षीय बैठका झाल्या, पण सभागृहात चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस, २८ तारखेपासून. म्हणजे खासदार मे-जूनमध्ये परक्या संसदांच्या समित्यांपुढे अशा प्रश्नांना उत्तरं देत होते जे त्यांना स्वतःच्या सभागृहात विचारायची संधी अजून मिळालेली नव्हती. त्याच काळात, ३१ मे रोजी, आपली विमानं पडल्याची स्पष्ट कबुली संरक्षण दलप्रमुखांनी सिंगापुरात परदेशी वाहिनीला दिलेल्या मुलाखतीत दिली. त्या दिवशी आपली शिष्टमंडळं बाहेर होती. बैठकीच्या मधल्या सुट्टीत फोन बघून खासदाराला असं काही कळणं काय असतं, हे मी दुसऱ्या एका प्रसंगी जवळून पाहिलंय. माणूस पाणी पितो, परत आत जातो आणि पुढचा अर्धा तास फार जपून बोलतो. त्या जपण्यात शिष्टमंडळ पाठवण्याचा सगळा हेतू निसटतो. १९९४ ला क्रम सरळ होता: आधी सभागृह, मग जिनिव्हा. २०२५ ला तो उलटा झाला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. परदेशात सरकारवर टीका करणं गुन्हा आहे का? नाही. अमेरिकेत १७९९ चा लोगन कायदा आहे. जॉर्ज लोगन नावाच्या एका गृहस्थाने फ्रान्सला जाऊन परस्पर शांततेची बोलणी केली म्हणून तो झाला. सव्वादोनशे वर्षांत त्याखाली दोन आरोपपत्रं आली आणि शिक्षा एकालाही झाली नाही. आपल्याकडे तसा कायदाच नाही. उलट मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलं की भाषणस्वातंत्र्य भारताच्या सीमेवर संपत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: सभागृहात बोललेल्याला कलम १०५ चं (आमदारांना १९४ चं) जे संरक्षण असतं ते परदेशातल्या व्यासपीठावर नसतं. तिथे तुम्ही साधे नागरिक. आणि इथे जे गुन्हा आहे, सरकारी गुपितं फोडण्यासारखं, ते नागरिकाने तिथे केलं तरी गुन्हाच.

कायद्याचं हे झालं. औचित्याचं वेगळं आहे, आणि त्यात कुठलाच पक्ष धुतल्या तांदळासारखा नाही. मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी लंडनमध्ये भारतातल्या लोकशाहीच्या अवस्थेवर बोलले, आणि माफीच्या मागणीवरून अधिवेशनाचे दिवसच्या दिवस वाया गेले. मे २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी शांघायमध्ये म्हणाले होते की पूर्वी लोकांना भारतात जन्मल्याची लाज वाटायची. तेव्हा ओरड दुसऱ्या बाजूने झाली. माझं मत असं आहे: विरोधी खासदाराला परदेशात कुणी विचारलं की तुमच्या देशात असं चाललंय का, तर त्याने खरं बोलावं. खोटं बोललं तर ते ओळखतात. त्यांचाही दूतावास दिल्लीत आहे. पण परक्या सरकारला "तुम्ही यात काहीतरी करा" असं सांगणं ही वेगळी पायरी आहे, आणि ती ओलांडू नये.

२०१२ च्या अखेरीस ६५ खासदारांच्या सह्यांची पत्रं राष्ट्राध्यक्ष ओबामांना गेली: गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना व्हिसा न देण्याचं धोरण चालू ठेवा. २०१३ च्या जुलैत ती पुन्हा पाठवली गेली आणि गदारोळ झाला. सीताराम येचुरींसारख्या काहींनी आपण सही केलीच नसल्याचं सांगितलं. मोदींबद्दल कुणाचं काहीही मत असो, ६५ खासदारांना ठराव मांडायला स्वतःचं सभागृह होतं. आपल्या घरचं भांडण सोडवायला त्यांनी दुसऱ्या देशाच्या प्रमुखाला बोलावलं, आणि तेही सह्यांची खात्री न करता. मला ते तेव्हाही रुचलं नाही, आजही रुचत नाही.

निरोप पोचवण्यातही धोका असतो. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी एप्रिल २००७ मध्ये, व्हाइट हाउसचा विरोध असताना, दमास्कसला जाऊन बशर अल-असद यांना भेटल्या. इस्रायल वाटाघाटींना तयार आहे असा पंतप्रधान ओल्मर्ट यांचा निरोप आपण दिल्याचं त्यांनी सांगितलं. लगेच ओल्मर्ट यांच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला की आमच्या धोरणात बदल नाही. त्याच आठवड्यात रिपब्लिकन सदस्यही असद यांना भेटून गेले होते. त्यांनी निरोप नेला नाही, त्यामुळे फारसं काही झालं नाही. भेटायला हरकत नसते. तिसऱ्याचा निरोप खिशात घालून जायचं असेल तर शब्द न् शब्द लिहून घ्यावा, नाहीतर जाऊ नये.

सरकारांनाही हा धूसरपणा कधीकधी हवा असतो, हेही सांगायला हवं. मे २०२० मध्ये तैवानच्या अध्यक्षा त्साई इंग-वेन यांच्या शपथविधीला भाजपचे दोन खासदार, मीनाक्षी लेखी आणि राहुल कसवान, ऑनलाइन हजर राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये तिबेटविषयक संसदीय मंचाचे काही खासदार निर्वासित तिबेटी संसदेच्या भोजनाला गेले, तर चीनच्या दूतावासाने थेट खासदारांना नाराजीचं पत्र लिहिलं. परराष्ट्रमंत्री गेले असते तर ते भारत सरकारचं धोरण ठरलं असतं. खासदार गेले, म्हणून संदेश पोचला आणि सरकारला हात वर करायला जागा राहिली. चीनने त्यांना थेट लिहिणं हे मात्र मर्यादा सोडून होतं. परक्या दूतावासाने बोलायचं ते परराष्ट्र मंत्रालयाशी.

राज्यांचं थोडक्यात. सप्टेंबर २०११ मध्ये मनमोहन सिंग ढाक्याला तिस्ता नदीच्या पाणीवाटपाच्या करारासाठी निघाले, ममता बॅनर्जींनी ऐन वेळी जायला नकार दिला आणि करार राहिला तो राहिलाच. कागदावर केंद्राला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण पाणी बंगालमधून वाहतं. मुख्यमंत्री दावोसला जाऊन जे सामंजस्य करार करतात ते कंपन्यांशी, गुंतवणुकीचे. त्यांना कुणी तह समजू नये.

आता तुमचे साहेब. सगळ्यात आधी एक कायदेशीर गोष्ट, जी दहातल्या नऊ कार्यालयांना माहीत नसते. विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० च्या कलम ६ प्रमाणे विधिमंडळाच्या सदस्याने परदेशी संस्थेचा पाहुणचार घ्यायचा, म्हणजे तिकीट, हॉटेल, जेवणखाण त्यांच्या खर्चाने, तर केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज ऑनलाइन, एफसी-२ या नमुन्यात, प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी. आणि या कायद्यात "विधिमंडळ" म्हणजे फक्त संसद आणि विधानसभा नाही. नगरपालिका आणि पंचायतही त्यात येतात. म्हणजे नगरसेवक आणि ग्रामपंचायत सदस्यसुद्धा. परदेशात अचानक आजारी पडून उपचार घ्यावे लागले तर तेवढी सूट आहे, पण महिन्याच्या आत कळवावं लागतं. खर्च कुणाचा, हे निमंत्रणपत्रात स्पष्ट लिहून घ्या. "स्थानिक व्यवस्था आम्ही पाहू" अशी मोघम ओळ असेल तर मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दौरा सरकारी खर्चाने किंवा मंत्री म्हणून असेल तर राज्य सरकारमार्फत परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी वेगळी.

मग परिषद कुणाची ते तपासा. आंतरसंसदीय संघ १८८९ पासून आहे, राष्ट्रकुल संसदीय संघ १९११ पासून, आणि महाराष्ट्र विधिमंडळाची त्यात शाखा आहे. तिथे सगळं रीतसर असतं. नजमा हेपतुल्ला महाराष्ट्रातून राज्यसभेवर असतानाच १९९९ मध्ये आंतरसंसदीय संघाच्या परिषदेच्या अध्यक्ष झाल्या होत्या, पहिल्या महिला. नाव भारदस्त आणि पत्ता संशयास्पद अशा संस्थांची मात्र कमी नाही. शंका असेल तर त्या देशातल्या आपल्या दूतावासाला चार ओळींचा मेल टाका. उत्तर येतं. आम्हाला असे मेल आवडायचे. कार्यक्रम उरकल्यावर वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा कितीतरी बरं.

साहेब भारताची बाजू मांडू शकतात का? आपली मांडू शकतात, आणि ती भारतीय माणसाची असेल. पहिलं वाक्य त्यांना पाठ करायला सांगा: "मी महाराष्ट्राच्या विधानसभेचा निवडून आलेला सदस्य आहे, इथे बोलतोय ते माझं मत आहे." ते म्हणून झाल्यावर त्यांना जे ठाऊक आहे ते बोलू द्या. दुष्काळी तालुक्यात टँकरचं नियोजन कसं करतात, महिला सरपंचांनी काय बदललं, ऊसतोडणीला गेलेल्या कुटुंबांच्या मुलांची शाळा कशी सांभाळतात. काश्मीर, चीन, रशिया यावर विचारलं तर "यावर माझ्या देशाच्या सरकारने भूमिका मांडलेली आहे" एवढं पुरतं. कुणी पाठिंबा, मत, आश्वासन, संयुक्त निवेदनावर सही मागितली तर: "परत गेल्यावर कळवतो."

परत आले की तीन दिवसांच्या आत तुम्ही त्यांच्याजवळ बसा. कोण भेटलं, कुणी काय मागितलं, साहेब काय म्हणाले, फोटो कुणाबरोबर निघाले. दोन पानं पुरतात. एक प्रत विधिमंडळ सचिवालयाला, एक दूतावासाला. सहा महिन्यांनी कुणी फोन करून "तुमच्या आमदारांनी आम्हाला शब्द दिला होता" म्हणालं, तर ती दोन पानं तुमच्या टेबलाच्या खणात असली पाहिजेत.